काकांचे विजेचे जाकीट

सुरतेत विजेचे जाकीट कशाला लागते, असा प्रश्न शीर्षक वाचून कोणालाही पडेल. मलाही पडला होता. ज्या गावात डिसेंबरातसुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो, तेथे एका घराच्या खुंटीला, आत बारीक तारा विणलेले आणि मोटरसायकलच्या बॅटरीवर तापणारे जाकीट टांगलेले पाहून मी आधी हसलो. मग ते तेथे का टांगले आहे हे कळले आणि गप्प झालो. त्या जाकिटाची, आणि त्याच्या निमित्ताने उतरलेल्या माझ्या एका गर्वाची ही हकिकत आहे.

आमचे घर बेळगावातील वडगावचे. घरात माग. आजोबांच्या वेळी हातमाग होता, पुढे यंत्रमाग आले. आमचे धाकटे काका माग विणण्यापेक्षा माग दुरुस्त करण्यात जास्त रमायचे. मंदीच्या एका वर्षी इकडचे माग बंद पडू लागले तेव्हा ते एका ओळखीच्या माणसाबरोबर सुरतेला गेले, आणि जे गेले ते तिकडचेच झाले. सुरतेत त्यांनी लिंबायतमध्ये खोली घेतली, एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी धरली आणि साक्री तालुक्यातील मुलीशी लग्न केले. वडगावची मराठी, कानावर पडलेली कन्नड, सुरतेची गुजराती आणि काकूंची अहिराणी अशा चार भाषा त्या एका खोलीत नांदतात. काका रागावले की कन्नडमध्ये मोजतात आणि काकू रागावल्या की अहिराणीत बोलतात, एवढे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

लिंबायत म्हणजे गुजरातेत वसलेले खानदेश. रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला, उधना आणि डिंडोलीच्या शेजारी ही वस्ती पसरली आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतील माणसे कापडाच्या कामासाठी येथे आली आणि राहिली. उधन्याहून तापीच्या काठाकाठाने जळगावकडे जाणारी रेल्वे हा त्यांचा माहेरचा रस्ता. भाजीवाली भरताची वांगी अहिराणीत विकते, महानगरपालिकेच्या शाळेत मराठीतून पाढे ऐकू येतात, आणि या सगळ्यावर चोवीस तास मागांचा खडखडाट. बेळगावकर माणसाला त्या आवाजात झोप लागायला हरकत नसावी. मला तर वडगावलाच असल्यासारखे वाटले.

काकांच्या हातांचा एक आजार आहे. आयुष्यभर हातात हँड ग्राइंडर धरून लोखंड घासल्यामुळे असेल, पण थंडी लागली की त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे चुन्यासारखी पांढरी पडतात, मग निळी होतात आणि त्यांतली जाणीवच जाते. १८६२ साली मोरिस रेनो नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचे नाव आहे. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त पुढे जात नाही. सतत हादरणारी यंत्रे हाताळणाऱ्या कामगारांत तो आढळतो. यात एक गंमत आहे. केवळ हातमोजे घालून भागत नाही. छाती-पोट गार पडले की शरीर आतल्या अवयवांसाठी ऊब राखून ठेवते आणि पहिल्यांदा हातापायांचे रक्त कमी करते. म्हणजे बोटे वाचवायची तर धड गरम ठेवले पाहिजे.

सुरतेत याचा त्रास फारसा होत नाही. पण काकूंचे माहेर सुरतेपासून पावणेदोनशे किलोमीटरवर. वाटेत व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी आणि पुढे कोंडाईबारीचा घाट. घाट चढला की हवा बदलते. धुळे जिल्ह्यात जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो हे वर्तमानपत्रे दरवर्षी सांगतात. त्यात मोटरसायकलवर समोरून वारा. साक्रीला रेल्वे नाही, रात्रीच्या बसचा भरवसा नाही, आणि कारखान्याची पाळी बारा तासांची. त्यामुळे माहेरी जायचे म्हणजे काकांच्या दीडशे सीसीच्या गाडीवरूनच.

माझा चुलतभाऊ दिगूदादा २०२२ साली मित्रांबरोबर लडाखला गेला होता. त्यासाठी त्याने एकाकडून जुने विजेचे जाकीट आणि हातमोजे घेतले होते. मित्राच्या मोठ्या गाडीवर ते उत्तम चालले. परत आल्यावर त्याने ते वडिलांना दिले आणि रस्त्यावरच्या एका वायरमनकडून काकांच्या गाडीला त्याची जोडणी करून घेतली. काकांना पहिल्यांदाच हिवाळ्यात बोटे शाबूत ठेवून सासुरवाडीला जाता आले. "मुलग्यानं बापाला ऊब दिली," असे काका अख्ख्या गल्लीत सांगत फिरले.

पण तेव्हापासून गाडीची बॅटरी टिकेना. सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. गॅरेजवाल्याने दोन्ही वेळा "बॅटरीच खराब" असे सांगितले आणि काकांनी दोन्ही वेळा पैसे दिले.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका रात्री नऊ वाजता साक्रीहून फोन आला. काकूंच्या आईचे काही खरे नव्हते. काका पाळीवरून नुकतेच आले होते. दिगूदादा गावी नव्हता. दहा वाजता काका-काकू निघाले. नवापूरपर्यंत सगळे ठीक होते. घाटात मालट्रकांची रांग लागलेली, गाडी त्यांच्या मागे रखडत चाललेली. आधी हेडलाइट कंदिलासारखा पिवळा झाला. मग हॉर्न वाजेना. मग इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. किका मारून काका दमले. त्या गाडीच्या इंजिनाला ठिणगीसाठीसुद्धा बॅटरीची वीज लागते, आणि बॅटरीत काही उरले नव्हते. पुढचे-मागचे दिवे गेलेली गाडी वळणावर उभी, आणि खालून येणारे ट्रक अगदी जवळ आल्यावर कचकन ब्रेक मारणारे. दोघांनी गाडी ढकलत एका सपाट जागेवर आणली आणि पहाटेपर्यंत तेथे उभे राहिले. उजाडल्यावर एका टेम्पोवाल्याने गाडीसकट त्यांना पोहोचवले. ते पोहोचले सकाळी नऊला. आई पहाटे पाचला गेली होती.

काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. सुरतेला परत आल्यावर त्यांनी जाकीट खुंटीला टांगले, आणि पुढे वर्षभर कोणी त्याला हात लावला नाही. बाराव्या-तेराव्याला काका बसने गेले. नंतरच्या फेऱ्यांना साधा स्वेटर घालून गेले, आणि प्रत्येक वेळी परतल्यावर दोन-दोन दिवस त्यांना बोटांनी पान्हा धरता येईना.

हे सारे मला दिगूदादाने सांगितले. मी डिसेंबरच्या सुट्टीत गेलो होतो आणि जानेवारीत आजीचे वर्षश्राद्ध होते. संध्याकाळी आठला पाळी सुटल्यावर निघून सकाळच्या विधीला पोहोचायचे, म्हणजे पुन्हा तीच गाडी, तीच रात्र आणि तोच घाट. काका म्हणाले, "अरे, तू फिजिक्स शिकूलास न्हवं? मग बघ की जरा."

वाचकहो, तृतीय वर्ष विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून गोड आमंत्रण कोणते? मी दिगूदादाचा मल्टीमीटर घेतला, साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला आणि अंगणात बसून हिशेब मांडला.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. १८३१ साली फॅरेडेने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज उत्पन्न होते. मोटरसायकलच्या इंजिनात नेमके हेच आहे. फिरत्या चाकात चुंबक आणि त्याच्या आत तारेची वेटोळी, ज्यांना मेकॅनिक 'कॉइल' म्हणतात. कॉइलमधून निघणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. रेक्टिफायर ती एका दिशेची करतो आणि तिचा दाबही चौदा-साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. तेथून ती बॅटरीत आणि दिव्यांत जाते. म्हणजे कॉइल ही विहीर आणि बॅटरी ही घरातली टाकी. टाकीतून जितके उपसतो तितके विहिरीने भरून दिले पाहिजे. टाकी कितीही वेळा नवी आणली तरी विहिरीचे पाणी वाढत नाही. त्या गॅरेजवाल्याची चूक एवढीच होती.

आता हिशेब. काकांच्या गाडीची कॉइल ५००० फेऱ्यांना १४० वॅट देते असे पुस्तिकेत होते. हेडलाइट ३५ वॅटचा, आणि तो बंद करता येत नाही, कारण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागतो. मागचा दिवा व मीटरचे दिवे १० वॅट, ठिणगीची यंत्रणा २० वॅट, ब्रेक व इंडिकेटर यांची सरासरी ५ वॅट. एकूण ७०. उरले ७० वॅट. जाकीट घेते ६० आणि दोन हातमोजे मिळून २४, म्हणजे ८४. इंजिन पुरेशा वेगात असतानाच १४ वॅटची तूट! घाटात ट्रकच्या मागे ३००० फेऱ्यांवर कॉइल जेमतेम ९५ वॅट देत असेल, तर तूट जवळजवळ ६० वॅट. म्हणजे बॅटरीतून पाच अँपिअर सतत बाहेर. नऊ अँपिअर-तासांची बॅटरी अशी किती टिकणार? कागदावर पावणेदोन तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. शिशाची बॅटरी वारंवार अशी तळापर्यंत रिकामी केली की ती कायमची निकामी होते. दोन बॅटऱ्या कशा मेल्या त्याचा उलगडा झाला. लडाखला ज्या गाडीवर हे जाकीट चालले तिची कॉइल मोठी होती, एवढेच.

मी हा पुठ्ठा काकांसमोर ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि विचारले, "हे झालं घाटातलं. पण गाडी नवापूरपर्यंत चांगल्या वेगात होती. तोवर बॅटरी निम्मी तरी भरलेली पाहिजे की नको? आणि जाकीट न घालतासुद्धा परवा सेल्फ लागला नाही, त्याचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.३ व्होल्ट, भरलेली असती तर १२.६ ते १२.८ दाखवली असती. इंजिन ४००० फेऱ्यांवर नेले, तरी १३.२. निदान १३.८ हवे होते. म्हणजे कॉइल कमजोर, असे मी छातीठोकपणे जाहीर केले. मग कॉइलच्या तीन पिवळ्या तारांचा कपलर सुटा करून तपासले. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा, कोणतीही तार इंजिनाच्या धातूला टेकलेली नाही, आणि इंजिन चालू केल्यावर तिन्ही जोड्यांवर व्होल्टही सारखेच. कॉइल निर्दोष! तेव्हा मी म्हटले, मग रेक्टिफायर गेला. काका काही बोलले नाहीत. दिगूदादाने रेक्टिफायरची किंमत विचारून आणली. ती काकांच्या आठवड्याच्या पगाराच्या जवळपास होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाळीवर जायच्या आधी अंगणात आले. म्हणाले, "बाळ, माग बिघडला तर आम्ही तो थांबवून बघत नाही. चालवून, धागा लावून, दहा मिनिटं राबवून बघतो. मग बेअरिंगला हात लावून फिरायचं. जे तापलंय ते दुखतंय. तू काल गाडी रिकामी ठेवून तपासलीस. आज तिला राबव."

मग गाडी चालू केली. हेडलाइट होताच. वर्षभराने प्रथमच दिगूदादाने खुंटीवरून जाकीट काढले आणि गाडीला जोडून सीटवर पसरले. इंजिनाची रेस धरून दहा मिनिटे ठेवली. मग काका खाली वाकले आणि त्यांनी सवयीने तारांवर हात फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता थांबले. सकाळची वेळ, नळाच्या गार पाण्याने नुकतेच हात धुतलेले. त्यांची ती तीन बोटे पांढरी पडली होती. डाव्या हाताने चाचपून पाहिले, पण ती त्यांची सवय नव्हती. चाळीस मागांचे बेअरिंग केवळ स्पर्शाने ओळखणारा तो माणूस आपल्या हाताकडे असा काही पाहत राहिला, की मी मान दुसरीकडे वळवली.

काकू दारात बसून साड्यांना खडे चिकटवत होत्या. लिंबायतच्या कित्येक घरांत बायका हे काम करतात. जाकीट खाली काढल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती. आता त्या उठल्या, पदराला हात पुसले, आणि काका जेथे हात फिरवत होते तेथे आपला हात घालून एकेक तार चाचपू लागल्या. खडे चिकटवणारी बोटे ती, त्यांना बारीक फरक कळतो. सीटखाली, मी काल सुटा करून पुन्हा जोडला होता त्याच कपलरवर त्यांचा हात थांबला आणि एकदम मागे आला.

"हाई ते तापी गयं ना!" त्या म्हणाल्या. "हात लाई देख."

मी हात लावला. चटका बसला.

इंजिन बंद करून कपलर उघडला. पांढरे प्लास्टिक आतून तपकिरी झाले होते आणि तीन खुंट्यांपैकी एक काळी पडून सैल झाली होती. पावसाळ्यात खाडीचे पाणी गल्लीत शिरले तेव्हा गाडी दीड दिवस पाण्यात उभी होती, तेव्हापासून तेथे गंज धरला असावा. गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, रोधातून प्रवाह गेला की उष्णता होते, उष्णतेने जोड आणखी सैल होतो. जाकिटाच्या भाराने ते लवकर झाले. कॉइल वीज तयार करत होती, पण तिचा मोठा वाटा त्या एका खुंटीत अडत होता.

हा कपलर मी आदल्या दिवशी हातात धरला होता. मीटरची टोके त्याच खुंट्यांना लावली होती. तरी मला दोष दिसला नाही, याचे कारण पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. रोधावर दाब किती पडतो हे त्यातून किती प्रवाह वाहतो यावर ठरते. ओहमने हे १८२७ साली छापले. कपलर सुटा करून मीटर लावला की मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो. भार पडल्यावरच तो उघडा पडतो. ओहमचा नियम मी परीक्षेत तीनदा सिद्ध करून पूर्ण गुण मिळवले आहेत. तो मला अंगणात आठवला नाही. काकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते, पण ते तीस वर्षे त्याच नियमाने जगत आले होते.

मग कामाला लागलो. जळालेला कपलर कापून टाकला आणि तिन्ही तारांना नवे लग दाबून, डाख देऊन जोडल्या. जाकिटाची जोडणी पाहिली तर वायरमनने ती हेडलाइटच्या बारीक तारेवरून घेतली होती आणि अर्थिंग रंग लावलेल्या बोल्टला दिले होते. भार असताना बॅटरीचे ऋण टोक आणि गाडीचा सांगाडा यांत मीटर ०.४ व्होल्ट दाखवत होता. तेथे शून्याच्या जवळपास हवे. रंग खरवडून नवे अर्थिंग दिले. जाकिटासाठी बॅटरीवरून जाड तार घेतली, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज घातला आणि मध्ये रिले बसवला, म्हणजे चावी काढली की जाकीट आपोआप बंद. हेडलाइटला १२ वॅटचा एलईडी लावला, त्यात २३ वॅट वाचले. जाकिटाला ऊब कमी-जास्त करायचे बटण होतेच, ते निम्म्यावर ठेवायचे ठरले. शेवटी हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर बसवला. काकांना एक नियम लिहून दिला: आकडा १३ च्या खाली गेला की आधी जाकीट बंद, हातमोजे चालू, १२.५ च्या खाली गेला की तेही बंद.

पुन्हा रेस धरून पाहिले. नुसत्या हेडलाइटवर १४.१. हातमोजे लावल्यावर १३.७. जाकीट निम्म्यावर लावले तरी १३.४. रेक्टिफायर चांगलाच होता. सगळ्याचा खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्यानेही नव्हता.

त्या संध्याकाळी मी दिगूदादाला एक जुनी गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांतल्या सैनिकांना विजेवर तापणारे कपडे देत. त्यांतल्या एफ-१ नावाच्या पोशाखात तारा एकामागून एक अशा एकाच माळेत ओवल्या होत्या. एका ठिकाणी तार तुटली की सगळा पोशाख गार. उणे चाळीस अंशांत तो सैनिक तसाच बसून राही. पुढच्या पोशाखांत हा दोष काढून टाकला. दिगूदादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी बाबांना जाकीट दिलं, पण गाडीला ते झेपतं का हे विचारलं नाही." मी त्याला काय सांगणार? तो वर्षभर हेच मनात धरून होता हे घरात कोणालाच माहीत नव्हते. बाप लेकाला दोष देत नव्हता, लेक स्वतःला देत होता, आणि काकू जाकिटाला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री साडेआठला निघालो. पुढे काका-काकू, मागे दिगूदादाच्या गाडीवर मी. व्याऱ्यापर्यंत जाकिटाची गरज लागली नाही. नवापूरला चहा घेतला तेव्हा काकांनी ते अंगात घातले. काकूंनी स्वतः त्याची चेन वर ओढून दिली. घाटात नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग होती. पुढे काकांचा मागचा लाल दिवा मी एकटक पाहत होतो. एकदा ते हळू झाले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण त्यांनी फक्त जाकिटाचे बटण बंद केले होते. पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा पुन्हा चालू केले. मागाचा फिटर माणूस. एकदा नियम कळला की सांगावे लागत नाही.

घाट संपल्यावर एका सपाट जागी काकूंनी गाडी थांबवायला सांगितली. आम्हीही थांबलो. ती जागा कोणती हे कोणी सांगितले नाही, पण ओळखायला वेळ लागला नाही. हवा बोचत होती. काकांनी इंजिन चालूच ठेवले होते आणि हेडलाइटचा पांढरा झोत समोरच्या बाभळीवर पडला होता. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आई काही जाकिटापायी गेली नाही रे. तिची वेळ झाली होती. पण आम्ही इथं उभे होतो ना रात्रभर, तेवढंच मनातून जात नव्हतं."

मग त्यांनी काकांचा उजवा हातमोजा काढला आणि बोटे आपल्या हातात धरून पाहिली. "गरम शेत," त्या म्हणाल्या, आणि मोजा पुन्हा चढवला.

पहाटे गावात पोहोचलो. ओसरीवर शेकोटी पेटली होती. काकूंचे भाऊ पुढे आले, काकूंना घेऊन आत गेले, आणि आतून रडण्याचा आवाज आला. गेल्या वर्षी त्या रडल्या नव्हत्या, असे काकांनी मला हळूच सांगितले. आम्ही तिघे बाहेर शेकोटीशी बसलो. काकांनी दोन्ही हात विस्तवापुढे धरले होते. खरे तर त्याची गरज नव्हती.

परत बेळगावला आल्यावर तो पुठ्ठा माझ्या वहीत सापडला. हिशेब सगळा बरोबर आहे. फक्त त्याच्या खाली काकांच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे, ती त्यांनी कधी लिहिली कोण जाणे: "राबवून बघ, मग हात लाव." प्रयोगशाळेच्या वहीत पहिल्या पानावर मी तो चिकटवून ठेवला आहे.

— तृतीय वर्ष विज्ञान